सात देश, बेचाळीस निकष

४ जानेवारी. सकाळी ७.१०
पुण्याची नोकरी सोडून लोणारला पंधरा दिवसांसाठी आले, त्याला आज दहा महिने झाले. मुक्काम तात्पुरता आहे. हॉलंडच्या एका कंपनीने ग्रीनहाउसच्या सेन्सरचं वर्षभराचं काम देऊ केलंय. अट एकच: ३१ मार्चपर्यंत माझी नोंदणीकृत कंपनी हवी. कुठल्याही देशातली चालेल, असं लिहिलंय. म्हणजे निवड शास्त्रीय पद्धतीने करता येईल. एक्सेल शीट उघडली. सात देश, बेचाळीस निकष. भारत घेतला नाही. जिथून निघायचं, त्याला गुण देत नाहीत.

११ जानेवारी
एस्टोनिया ६८.४. पोर्तुगाल ६६.९. जॉर्जिया ६६.२. 'हिवाळ्यातलं ऊन' या निकषाला किती वजन द्यावं, यात दोन दिवस गेले. बाबांनी विचारलं, पासपोर्ट काढला का. ती फॉर्म भरण्याची बाब आहे, निर्णयाची नाही, असं सांगितलं. बाबा शाळेत क्लार्क आहेत. त्यांना आधी कागद दिसतो.

१९ जानेवारी
बुलढाण्याला जाऊन पासपोर्टचा अर्ज दिला. आता फक्त पोलिस पडताळणी. दहा मिनिटांचं काम. परतताना एसटीत शेजारच्या बाईंनी मेहकर येईपर्यंत माझं वय, जात, पगार आणि लग्न न होण्याचं कारण विचारलं. मी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. चारही उत्तरं त्यांनीच दिली.

२० जानेवारी
मामा माझ्यासाठी स्थळं बघतोय, असं आईकडून कळलं. दोन नियम केले. एक: अनोळखी नंबर उचलायचा नाही. दोन: चौकशीला कोणीही आलं, तर मुलगी पुण्यात असते, मोठ्या कंपनीत, एवढंच सांगायचं. आईकडून पाठ करून घेतलं. समोरच्या गोजरबाईंनाही सांगितलं. गल्लीतली प्रत्येक चौकशी त्यांच्या ओट्यावरूनच पुढे जाते. म्हणाल्या, 'तू काई फिकर करू नको माय. मी तं तुले मॅनेजर करून टाकतो.' मॅनेजर करू नका म्हटलं.

३ फेब्रुवारी. दुपारी ४
अनोळखी नंबरचे तीन मिस्ड कॉल. ब्लॉक केला. साडेतीनला साध्या कपड्यातला एक माणूस फाईल घेऊन गल्लीत आला. मी पडद्यामागे. मुलगी इथंच राहते का, किती दिवसांपासून, वागणूक कशी, असं गोजरबाईंना विचारत होता. स्थळाकडचे आता फाईल घेऊन येतात! गोजरबाई म्हणाल्या, 'इथं कायची राह्यते साहेब? पुण्याले हाय, मॅनेजर हाय. तीन वर्सांत तोंड नाही पाह्यलं तिचं.' मग तो आमच्या दारात आला. आईने पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हटलं आणि दार लावलं. व्यवस्था उत्तम चालली. गोजरबाईंना पाव किलो पेढे.

१४ फेब्रुवारी
पडताळणीला अजून कोणी नाही. सरकारी दिरंगाई. 'प्रशासनाची गती' हा त्रेचाळिसावा निकष घातला. एस्टोनिया आणखी पुढे.

५ मार्च
पासपोर्टचं स्टेटस आलं. पोलिस अहवाल प्रतिकूल. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.
तो नंबर अनब्लॉक केला.

११ मार्च
पोलिस ठाणे. फाईलवाला माणूस हवालदार निघाला. म्हणाला, 'मॅडम, तीन फोन केले. तुमच्या आईनं मी कोण हाय तेबी सांगू देलं नाही.' आता मी इथेच राहते, असा जबाब शेजाऱ्यांनी द्यायचा. गोजरबाई तयार होईनात. 'पोलिसाले खोटं कसं सांगू वं?' खरंच सांगायचंय, असं समजावलं. मग त्यांनी काहीच राखून ठेवलं नाही. 'वर्स झालं साहेब, घरातच हाय. कुठीच जात नाही. दुपारी झोपते. उठली का लॅपटॉपवर देश पाह्यते.' हवालदाराने शब्दशः उतरवलं. मी वाचून पाहिलं. तपशिलात चूक नव्हती.

३० मार्च
पासपोर्ट नाही. हॉलंडला मेल करून पंधरा दिवसांची मुदत मागितली. कारण: प्रक्रियात्मक.

१ एप्रिल
उत्तर आलं. काम अकोल्याच्या एका माणसाला दिलं. त्याने फर्म अकोल्यातच नोंदवली, चार दिवसांत. तुमचीही भारतातली चालली असती, आम्ही पहिल्याच मेलमध्ये कळवलं होतं, असं त्यांनी सौजन्याने लिहिलंय.
पहिला मेल उघडला. कळवलं होतं.
दुपारी शीटमध्ये आठवी ओळ घातली: लोणार. त्रेचाळीस निकष भरले. ७१.३. पहिला क्रमांक. फॉर्म्युला दोनदा तपासला. बरोबर आहे.

९ एप्रिल
पासपोर्ट आला. पोस्टमन रवी नवा आहे, ओळखपत्र मागू लागला. मी आत शोधत असताना गोजरबाई ओट्यावरून ओरडल्या, 'देऊन टाक बे रव्या! इथंच राह्यते थे. कुठीच जात नाही!'
त्याने लगेच दिला.
मुदत दहा वर्षांची आहे. घाई नाही.