बाटलीवरची चिठ्ठी

थोरलीच्या आईस आशीर्वाद.

मी बरा आहे, थोडा थकवा आहे इतकंच. तुझा गुडघा कसा आहे?

प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता परवा माझंही रक्त दिलं. आजाऱ्यांच्या रक्ताशी ताडून बघायला तिथल्या तपासणीच्या बाईंना धडधाकट माणूस हवा होता. विजेच्या ओढीने रक्तपेशी किती वेगाने सरकतात, ते बाई घड्याळ लावून मोजतात.

"काका, तुमच्या फारच रमतगमत चालतात."

"मालकावर गेल्या असतील," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत.

आज पुन्हा रक्त घेतलं. बाटलीवरची 'निरोगी' चिठ्ठी काढून आजाऱ्यांच्या बाटल्यांवर असतो तसा नुसता आकडा चिकटवला. ती चिठ्ठी सोबत पाठवतोय. थोरलीने माझी तब्येत विचारली, तर तिला दाखव.

तुझाच,
बाटल्यावाला