डायलिसिसचे चार तास

मोखाडा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कुसुम हिस,
दादाचे अ. उ. आ.

तुझ्या लेकाचा, सर्वेशचा फोन आला होता. तू डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकवल्या आहेस, पाय सुजलेत आणि आता मशीन नकोच म्हणतेस, असं रडवेला होऊन सांगत होता. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र जीपवाल्या संदीपच्या हाती देतोय. लहानपणी लस टोचणारे आले की तू कणगीमागे लपायचीस आणि मी ओढून काढायचो. आता तुझ्यासमोर उभं राहायचा धीर होत नाही. उद्या तेवढी जा, कुसुम.

दादावरची माया कमी करू नकोस.
लक्ष्मणदादा

जव्हार,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
कुसुमचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी गेले. तोवर धाप लागायला लागली होती. डॉक्टर रागावले नाहीत, पुन्हा असं करू नका इतकंच म्हणाले.

दादा, भीती सुईची नव्हती. मशीनवर चार तास पडलं की मन पुढे पळायचं. तुझ्या नेत्राच्या लग्नाला मी असेन का, घरच्यांनी किती दिवस माझ्यामागे धावायचं. हे मी तिथल्या रविना सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, टाच चादरीला कुठे टेकते ते बघा, मग येणारा-जाणारा श्वास बघा, मन पळालं तर न रागावता परत आणा. मला हसूच आलं. पहिल्या दिवशी तीन श्वासांत मी स्वयंपाकघरात पोचले होते. आता निम्मा वेळ तरी जिथे असते तिथेच असते. आजार आहे तिथेच आहे, पण धास्ती बरीच उतरली.

पाणी मोजून प्यायचं म्हणून माझी चिडचिड व्हायची. शेजारच्या कॉटवर सूर्यमाळच्या गौराबाई असतात. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी असंच पितात, घोट तोंडात धरायचा, गिळायची घाई करायची नाही. आता एका घोटात जीव निवतो. या दोघी भेटल्या, हे माझं नशीब.

एक राहिलं. साखरेमुळे तुझी किडनी चालणार नाही असं कळल्यापासून तू इकडे फिरकला नाहीस. तू द्यायला निघालास, त्यातच मला सगळं मिळालं. येऊन नुसता बस.

वहिनींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच असू दे.
कुसुम

मोखाडा,
७ मार्च २०२५

चि. सौ. कुसुम हिस,
अ. उ. आ.

काल घरी नीट पोचलो. तुझ्याकडे येताना वाटभर वाक्यं जुळवत होतो, तुला बघून एकही आठवलं नाही. सिस्टरने स्टूल दिलं. तू म्हणालीस, काही बोलू नकोस, नुसता श्वास बघ. मी डोळे मिटले. गेले सहा महिने डोळे मिटले की डॉक्टरांचा तो नकारच ऐकू यायचा. काल मशीनची घरघर ऐकू आली, गौराबाईंचा खोकला ऐकू आला, आणि बसल्या बसल्या मला झोप लागली.

जाग आली ती तुझ्या हसण्याने. मी घोरत होतो म्हणे. तुझं असं हसणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. त्यासाठी दर पाळीला येऊन घोरायची माझी तयारी आहे. तुझ्या वहिनीच्या मते मला त्याचा सराव भरपूर आहे.

मंगळवारी सकाळच्या जीपने निघतो.

लोभ आहेच, तो असाच राहो.
लक्ष्मणदादा