दारातल्या चपला

प्रिय अप्पा,

सप्रेम सलाम. शेवगावच्या बाजाराला निघालेल्या सूर्यभानच्या गाडीतून हे पत्र पाठवतोय. मी गोदावरीच्या पलीकडे आहे, धडधाकट आहे. आई म्हणत असेल, आमचा भोवरा कुठं फिरतोय कोण जाणे. तिला सांगा, भोवरा आता कलायला लागलाय.

नदीला अजून पाणी भरपूर आहे. काठावर बसलं की मला तुमचा अलारिक आठवतो, रोम लुटणारा गॉथ टोळ्यांचा राजा. इतिहासाच्या पुस्तकात सन ४१० ला दोनच ओळी, पण वर्गात तुम्हाला अख्खा तास पुरायचा नाही. त्याच वर्षी तो मेला आणि त्याच्या माणसांनी नदी वळवून, पात्रात त्याला पुरून पुन्हा पाणी सोडलं, एवढंच मला आवडायचं. देवळाली प्रवराला उसात कामाला होतो तेव्हा पाटाचं पाणी वळवताना मी उगाच तळ बघायचो. मुकादम म्हणायचा, "काय हरवलंय का रं मास्तरच्या पोरा?"

तुमचा जीव मात्र दुसऱ्या गोष्टीत. रोम लुटलं जात होतं, पण संत पेत्र आणि संत पौल यांच्या चर्चांमध्ये जो शिरेल त्याला हात लावायचा नाही, असा अलारिकचा हुकूम होता. ख्रिस्ती नव्हते तेही आत शिरले, वाचले. मी विचारलं होतं, "एवढी माणसं आत, मग बाहेर चपलांचा ढीग पडला असेल, नाही?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. आदल्याच रविवारी चपला घालून चर्चमध्ये गेलो म्हणून तुम्ही मला छडीने मारलं होतं.

इकडे मी करीम पिंजाऱ्याबरोबर होतो. त्याची कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचो. गाद्या भरायच्या, नाकात कापूस, कपाळावर कापूस. त्याची आई अमीनाबी म्हणायची, "दोगं म्हातारे हून आले बगा." मला ताप आला तेव्हा तिने मला पंधरवडाभर घरात ठेवून घेतलं. मग निजामावर हिंदुस्थानचं लष्कर आलं, त्याचे रझाकार पळाले. त्यानंतर गावोगाव लोकांनी मुसलमानांचं जे केलं ते लिहवत नाही. करीमने कधी काठीसुद्धा धरली नव्हती. करीम आता नाही.

अमीनाबी, तिची सून आणि दोन लेकरं कडब्याच्या गंजीत लपलीत. मी म्हटलं, चला, नदी उतरू. म्हातारी हलेना. म्हणाली, "तुज्या बापाला आदी इचार. न इचारता कुनाच्या दारात जायाचं न्हाई."

म्हणून विचारतोय, यांना चर्चमध्ये लपवाल का? उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने नदी ओलांडून आलेल्यांना तुम्ही चर्च उघडून दिलंत, तेव्हा गावाने तुम्हाला हार घातला. या वेळी घालणार नाही. चर्चमधले वडीलधारेही तुमच्याकडून चर्चची किल्ली काढून मागतील. नको असेल तर सूर्यभानला नुसतं 'नाही' सांगा, तो शनिवारी परत येईल. मी रागावणार नाही, दुसरीकडे जाईन. हो म्हणालात तर रविवारी सकाळी, गीत चालू असताना येऊ. गर्दीत चार माणसं कुणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत. पण उपासना संपली की सगळे आपापल्या चपला घालून घरी जातील, आणि आत लपलेल्या यांच्या तेवढ्या दारात राहतील, बघणाऱ्याला सगळं सांगतील. त्या आत घ्यायला मी तिथे असेन, पण त्या छडीनंतर मला ते करवणार नाही. त्या तुम्ही आत घ्या, अप्पा.

तुमच्या छडीचा आणि तुमचाच,
इसहाक