ताईचं इंजिन

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा चहा पिता पिता म्हणाले, "ते कोपऱ्यातलं इंजिन महिनाअखेर उभं करायचं. डॉक्टर गाडी घेतो म्हणालेत."

कोपऱ्यातलं इंजिन म्हणे! ताईचं आहे ते. दोन सिलिंडरची जुनी इंग्लिश मोटरसायकल. मालक वारले तेव्हा त्यांच्या मुलांनी टेम्पोत घालून आमच्या गॅरेजच्या दारात आणून टाकली होती. ताईनं इंजिन पार क्रँकपर्यंत, म्हणजे आतल्या मुख्य दांड्यापर्यंत सोडवलं, सुटे भाग डब्यांत भरले, आणि लग्न होऊन गेली. डब्यांवर अजून तिचंच अक्षर आहे – 'डावा टॅपेट', 'हेडचे बोल्ट', 'याला हात लावू नये, विशेषतः बाबांनी'.

मी म्हटलं, ताई येऊन जुळवेल. बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "विचार तिला. येते म्हणाली, तर डॉक्टरांना मी नाही म्हणून सांगतो."

झालं तर मग. महिनाअखेरपर्यंत ताईला इथे आणायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला. ती दुकानात होती – भाऊजींचं वह्या-पेनांचं दुकान, आता दिवसभर तीच सांभाळते.

"ताई, तुझं इंजिन बाहेर काढलंय."

"दुरेघी की एकरेघी?"

"काय?"

"तुला नाही गं. बोल."

मी सगळं सांगितलं. ये म्हटलं, चार दिवस ये, आपण दोघी मिळून करू. म्हणाली, "तूच कर. अडलं तर विचार." आणि मग एकदम, "एमएचा फॉर्म भरलास का?"

नाही भरला. भरणारही नाही बहुतेक. तिला कसं सांगू – या घरात पदवी फक्त मला मिळाली, ती बाबांचा खांदा निखळला तेव्हा ताई कॉलेज सोडून गॅरेजातल्या स्टुलावर येऊन बसली म्हणून. आई म्हणते, तिला अभ्यासाची गोडी नव्हतीच, जीव सगळा इंजिनात. खरंच असेल. क्रँक हातात घेतल्यावर तिचा चेहरा मी बघितलाय. इतकी शांत ती दुसरीकडे कुठेच नसायची.

म्हणून तर तिला परत आणायचं. गॅरेजच्या पाटीवर बाबांच्या नावापुढे लिहायचं – 'आणि मुली'.

८ फेब्रुवारी, रविवार

क्रँकच्या पोटात एक पोकळ नळी असते. इंजिन फिरताना तेलातली घाण तिच्यात जाऊन साठते. ती कोणी साफ करत नाही, कारण बाहेरून दिसतच नाही. आज उघडली. आत डांबरासारखं घट्ट, काळं, गच्च. अर्धा दिवस खरवडत बसले. नखं अजून काळी आहेत.

आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट." काकूंनी माझ्या हातांकडे बघितलं आणि विषय बदलला.

९ फेब्रुवारी, सोमवार

ताईनं फोन उचलला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सिलिंडर बोअरवाल्या काकांकडे नेले. मधे झिजून अंडाकृती झालेत. मोठा बोअर मारून, म्हणजे आतून कातून गोल करून, एक साइज मोठे पिस्टन घालावे लागणार. काका म्हणाले, "इतिहास घेऊन पास झालीस ना? बरोबर आहे, जुनंपानं उकरायची सवय." हसले. मीही हसले.

प्रश्न पिस्टनचा आहे. दोन जोड्या मिळतायत. एक घुमटासारख्या डोक्याची, फोर्जिंगची – ठोकून घडवलेली, दिसायला सुरेख. तिनं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब वाढतो, गाडी सुसाट पळते. दुसरी चपट्या डोक्याची, साधी ओतीव. डॉक्टरांना अर्थातच घुमटवाली हवी. बाबा म्हणाले, "गाडी त्यांची, त्यांना हवं ते घाल."

त्यांची कशी? अजून नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ताई भेटली फोनवर. मला वाटलं होतं, ती विचार करेल. छे! प्रश्न संपायच्या आत उत्तर.

"चपटे घाल. क्रँक सत्तर वर्षांचा म्हातारा आहे, त्याच्या डोक्यावर घण घालू नकोस. शिवाय फोर्जिंगच्या पिस्टनला जागा जास्त सोडावी लागते. थंडीत सकाळी खडखड वाजणार. डॉक्टर तुलाच बोलावणार ऐकायला."

मला इतकं बरं वाटलं. जशी ती समोर स्टुलावर बसून बोलतेय. मी म्हटलं, ताई, तुझ्यासारखं कोणालाच येत नाही. ये ना गं.

तिकडे कोणीतरी खोडरबर मागितलं. ती म्हणाली, "हं." येण्याबद्दल काहीच नाही. मग तिनंच विचारलं, माझी परीक्षा असायची तेव्हा मी पहाटे उठून वाचायचे, तेव्हा झोप कशी आवरायचे? हा काय प्रश्न? म्हटलं, तूच तर चहा करून द्यायचीस.

"हो," म्हणाली. "मीही जागीच असायचे."

१८ फेब्रुवारी, बुधवार

पिस्टनवर रिंग चढवताना रिंग तुटली. कट्ट! रडूच आलं. बाबांनी तुकडे उचलून ठेवले, ते जास्त लागलं. ताईला फोन केला तर ती हसायला लागली. "माझ्या दोन तुटल्या होत्या. मी गटारात टाकल्या. बाबांना अजून पत्ता नाही."

बाबांना सांगितलं. म्हणाले, "दोन नाही, तीन."

त्यांना सगळं आठवतं. तिचं स्टूल ते कोणाला वापरू देत नाहीत. डॉक्टर परवा बसायला लागले, तर बाबा म्हणाले, पाय डुगडुगतोय. डुगडुगत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तेलावरून बाबांशी वाद. ते आयुष्यभर जाड पन्नास नंबरचं घालत आले. काका म्हणतात, आता कोण घालतं ते, सिंथेटिक घाल, सगळ्यात महाग आहे म्हणजे चांगलंच असणार. पण नव्या रिंगा सिलिंडरला थोड्या घासून बसाव्या लागतात. इतकं निसरडं तेल असेल तर त्या नुसत्या घसरत राहतील, बसणारच नाहीत. मग गाडी जन्मभर धूर सोडणार.

ताईचा निकाल: "रिंगा बसेपर्यंत साधं चाळीस. मग ते काढून वीस-पन्नास. बाबांना सांग, मी म्हटलं."

बाबांना सांगितलं. "मग वादच मिटला," म्हणाले आणि स्वतः जाऊन डबा घेऊन आले. मी दीड तास जे पटवत होते ते तिचं नाव घेतल्यावर अर्ध्या मिनिटात! राग यायला हवा होता. आला नाही. तिचा शब्द इथे अजून चालतो, एवढंच डोक्यात राहिलं.

आई मात्र म्हणाली, "सारखी फोन करत जाऊ नकोस. तिचं तिला काही असेल की."

काय असणार? दुकान. वह्या.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सुरू झालं.

बाबांनी मलाच किक मारायला लावली. दोनदा नुसतं फुसफुसलं. तिसऱ्यांदा उलटी लाथ बसली, नडगीवर टेंगूळ आलंय. चौथ्यांदा – काय आवाज होता! खोल, गोल, एकसारखा. निळा धूर निघाला आणि हळूहळू विरला. बाबा तेलाच्या टाकीत डोकावून तेल परत फिरतंय का ते बघत होते, आणि बघून झालं तरी मान वर करेनात.

मी फोन इंजिनाजवळ धरला. आवाज थांबल्यावर ताई म्हणाली, "छान झालंय. तू केलंस."

आपण केलं, मी म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर सोमवारी येणार. ताई आली नाही. म्हणून मीच जाणार! रिंगा बसवायला गाडी लांब फिरवावीच लागते, आणि सपाट रस्त्यापेक्षा चढाची चांगली. ताईच्या गावचा रस्ता सगळा चढाचा. बाबांनी नकाशाही बघितला नाही. "हळू घे, पण रडत नेऊ नकोस इंजिनाला. जरा ताण पडू दे. आणि गिअर उजव्या पायाला आहे, विसरशील." मग, "ती बसून बघते म्हणाली तर बसू दे."

तिच्या हातात हँडल दिलं की तिला आपोआप कळेल. मला खात्री आहे. तिच्या मागे बसून परत येईन.

१ मार्च, रविवार

पोचले. ताई जिना उतरून आली, गाडीवर बसली नाही. इंजिनावर हात ठेवून ऐकलं, म्हणाली, "उत्तम." मग मला वर नेऊन दार लोटलं. "मला बाहेरून पदवीच्या परीक्षेला बसता येईल ना? वय आड येत नाही ना? तुला केव्हाचं विचारायचं होतं, दुकानात बोलता येईना."

मी म्हटलं, पण ताई, इंजिन... तुझा जीव होता त्यात.

"मला ते येत होतं गं," ती म्हणाली. "हवंय का, असं कोणी विचारलं होतं?"

मी विचारलं, विषय कुठला घेणार?

"भूगोल," ती म्हणाली. प्रश्न संपायच्या आत.