शांततेची फाईल पुसू नये

मी, खाली सही करणारा, या गावच्या सभागृहासाठी साध्या माणसांचे व्हिडिओ बनवत आलो. डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही कान न भरता, माझ्यामागे काय करायचं ते लिहून ठेवत आहे. डॉक्टरांची तक्रार माझ्या हृदयाबद्दल आहे, डोक्याबद्दल नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी काढून दाखवलंच तर ते खोटं समजावं.

१) राहतं घर सामानासह माझ्या एकुलत्या लेकीला. ती विकणार हे मला ठाऊक आहे, खुशाल विकावं. इतक्या उत्तरेला, जिथे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागतात, तिथे येऊन राहा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. स्वयंपाकघराचं दार करकरतं, त्याला मात्र घर विकलं जाईपर्यंत तेल घालू नये.

२) कॅमेरा, ट्रायपॉड आणि दिवे सभागृहाला. व्हिडिओ चालू ठेवावेत. इथला बसचा ड्रायव्हर घरी काड्यांची जहाजं करतो, पोस्टवाली पक्षी रेखाटते, हे शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. माणसं आधी म्हणतात, "माझ्यात काय आहे दाखवण्यासारखं?" घाई करू नये. दुसऱ्या चहानंतर ती बोलायला लागतात आणि मग आवरत नाहीत.

पण कॅमेऱ्यातलं कार्ड आधी काढून लेकीला द्यावं. कारण सांगतो.

बोलणं संपलं की आम्ही त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायचो. कॅमेऱ्यावर झाकण, सगळे गप्प. व्हिडिओ जोडताना मधल्या फटी भरायला ती लागते. माइक आमची ही धरायची. कॅमेऱ्यासमोर मात्र कधी आली नाही. "सगळं गाव दाखवा, मला वगळा," म्हणायची. श्वास रोखून उभी राहायची, पण तो नाकातून हळूच सुटायचा. कधी हसू फुटायचं. मी डोळे वटारायचो. ते तुकडे वापरता आले नाहीत, पण मी टाकलेही नाहीत.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. मग मी रोज हेडफोन लावून त्या शांतता ऐकत बसायचो. लोक म्हणतात, सावरा. मला सावरायचं नाही, मला ती हवी आहे.

३) माझी गाडी धाकट्या भावाला. सभागृहाचा कॉम्प्युटर साफ करताना त्याने 'शांतता' नावाच्या फायली उघडल्या, काळा पडदा पाहिला आणि सगळ्या पुसल्या. वर मला म्हणाला, "दादा, रिकाम्याच होत्या रे. जागा करून दिली तुला." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. एकच उरली, आमच्या स्वयंपाकघरातली, कारण ती कार्डातच राहून गेली होती. ती त्याने हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकल्यावरच त्याला चावी द्यावी. हे रागाने लिहिलेलं नाही. बरं, थोडं रागाने.

४) मला निरोप द्यायला माणसं सभागृहात जमतील. भाषणं नकोत. अध्यक्षांचं तर मुळीच नको, त्यांना थांबायचं कुठे ते कळत नाही. पडदा काळाच ठेवून ती शांतता लावावी. आधी फ्रिजची घरघर येईल, मग दार करकरेल, मग तिचा श्वास. शेवटी ती विचारते, "अहो, झालं का? सोडू का श्वास?" तिथे मी उत्तर न देताच बटण बंद केलं होतं.

ते उत्तर माझ्या भावाने द्यावं. त्याचा आवाज हुबेहूब माझ्यासारखा आहे, फोनवर ही नेहमी फसायची. 'वहिनी' म्हणायची त्याची सवय तेवढी त्याने गाळावी. उभं राहून, मोठ्याने, एवढंच म्हणावं: "हो गं, झालं. सोड आता."

हे सगळं लेकीने पार पाडावं. वरचा मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि एकमेकांसमोर आम्ही सह्या केल्या.

सही: व्हिडिओवाला
साक्षीदार: बसचा ड्रायव्हर
साक्षीदार: पोस्टवाली
स्थळ: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च