खळ्यावरचा सामना

नवापूर किनारा फुटबॉल मंडळ
पत्रव्यवहार : बोईसर
दि. ३ फेब्रुवारी २०२५

श्रीमती मंजुळाबाई यांस,
स. न. वि. वि.

कालच्या सामन्यात आपण सहायक पंचांना उद्देशून जे बोललात, त्याची लेखी तक्रार आली आहे. पाहुण्या संघाने मैदानावरच्या मासळीच्या वासाबद्दलही लिहिले आहे. रविवार दि. १६ रोजी स्पर्धेचे निरीक्षक मैदान पाहायला येणार आहेत. त्यांनी नापसंत केले, तर आपले सर्व सामने बोईसरला हलतील. म्हणून अध्यक्ष धर्माजी यांच्या सूचनेवरून कळवतो की, सोमवार दि. १० पासून मैदानावर जवळा सुकवणे बंद ठेवावे आणि आपण स्वतः या मोसमात सामन्यांना येऊ नये.

आपला,
दिपेश, चिटणीस

ता. क. आत्या, राग मानू नकोस. फोन तरी उचल.


नवापूर
६ फेब्रुवारी

चि. दिपेश यास,
अ. उ. आ.

तुझं छापील डोक्याचं पत्र पोचलं. आई गेल्यापासून माझ्या ताटात जेवलेला भाचा मला श्रीमती लिहितो, हे ऐकून शेजारची तानी इतकी हसली की तिच्या हातातली पाटी कलंडली. फोन मी उचलणार नाही. तू कागदावर बोललास, मीही कागदावरच बोलते. तानी बोईसरच्या बाजारात येतेय, तिच्याबरोबर हे पाठवलंय.

मी काय बोलले ते तरी पुरतं लिहायचं होतंस. आपला कुशल ऑफसाइड नव्हता, तरी त्या माणसानं झेंडा वर केला. मी एवढंच विचारलं की तू पाहुण्यांच्या टेम्पोत पुढे बसून आलास की मागे. तो पुढे बसून आला होता, साऱ्या गावानं पाहिलं. यात अपमान कसला?

आता वासाचं. तू ज्याला मैदान म्हणतोस ते आमचं खळं आहे. तुझं मंडळ निघायच्या कितीतरी आधीपासून तिथे जवळा सुकतोय. सामन्याच्या दिवशी बाराच्या आत आम्ही तो उचलतो, एकदाही उशीर केलेला नाही. आणि तुझे प्रेक्षक कोण रे? पुरुषमाणसं बोटीवर. टोपल्या पालथ्या घालून उन्हात बसतो त्या आम्ही बायकाच.

पहिल्यांदा गोलात उभा राहिलास तेव्हा दोन गोल खाऊन रडायला लागला होतास. मी पलीकडच्या टोकावरून तुला हाक मारली, तेव्हा कुठे डोळे पुसून पाय रोवलेस. तोच आवाज आज तू तक्रारीत घातलास. मला वाईट वाटलं, दिपेश. फार वाईट वाटलं.

दहा तारखेपासून जवळा बंद, हे तुझं मान्य. खळ्यावर आम्ही काडी ठेवणार नाही आणि तिथली काडी उचलणारही नाही. पण सोळाला मी येणार. अडवायचं असेल तर मैदानाभोवतीच्या दोरीपाशी स्वतः उभा राहा, दुसऱ्याला पुढे करू नकोस.

सूनबाई उन्नतीला आशीर्वाद. तिला या भांडणात ओढू नकोस, ती शहाणी आहे.

तुझी,
आत्या


बोईसर
१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

साध्या कागदावर लिहितोय, तेवढ्यावरून ओळख.

शनिवारी फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारायला आलो आणि जागीच थांबलो. जिकडेतिकडे बाटल्यांच्या काचा, खडे, कुत्र्यांची घाण. तानीमावशीला विचारलं, तर ती म्हणाली, आमी रोज सकाली झाडतो, जवल्यात खडा गेला तर गिऱ्हाईक परत येत नाय, आता जवला नाय तर झाडू कशाला. सहा वर्षं चिटणीस आहे मी. मैदान आपोआपच स्वच्छ असतं असं मला वाटत होतं. तुला हसू येईल, पण खरंच वाटत होतं.

काल दुपारपर्यंत पोरांनी वेचलं, तरी अर्धंही झालं नव्हतं. निरीक्षक यायला तासभर उरला आणि तुम्ही आलात, चाळीस बायका, चाळीस झाडू. तू लिहिल्याप्रमाणे मी दोरीपाशीच होतो. धर्माजीकाका मागून ओरडत होते की थांबव, थांबव. मी तुला अडवलं नाही. तू वाकून दोरीखालून आत आलीस आणि एवढंच म्हणालीस की तुझ्या पायाखाली काच आहे, पाय उचल.

निरीक्षकांनी मैदान पसंत केलं. आपण एका गोलने हरलो. तू झेंडेवाल्याला पुन्हा ऐकवलंस तेव्हा त्यांनी मला विचारलं की त्या बाई कोण. मी म्हणालो, माझी आत्या. आणि हे सांगताना मला लाज वाटली नाही. ते पत्र लिहिलं त्याची वाटते.

सोबत मंडळाचा ठराव जोडलाय. महिलांना सामने पाहण्याची आणि एरवी जवळा सुकवण्याची परवानगी देण्यात येत आहे, तुझ्यासाठी पुढे खुर्ची राखीव. आता तरी फोन उचल.

तुझा,
दिपेश


नवापूर
२० फेब्रुवारी

चि. दिपेश यास,
अ. उ. आ.

तुमच्या ठरावाच्याच मागच्या बाजूला लिहितेय, म्हणजे तो तुझ्याकडे परत पोचेल. धर्माजीलाही दोन्ही बाजू वाचून दाखव.

परवानगी आम्ही मागितली होती का? आज ही घडी करून डब्यात ठेवली, तर उद्या दुसरा कोणी अध्यक्ष होईल आणि परत मागून घेईल. मग आम्ही काय करायचं? जे आमचंच आहे ते तुमच्या सहीनं घेणार नाही. तानीला विचारलं, मैनाबाईला विचारलं, सगळ्यांचं हेच म्हणणं पडलं. जवळा सोमवारीच घातला. झाडलोटही सुरू आहे, ती तुमच्यासाठी नाही, जवळ्यासाठी.

खुर्ची तुझ्या सासऱ्यांना दे, त्यांची कंबर धरते. माझी टोपली मला बरी. पुढे बसवून गप्प करायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाका.

पायाला काच लागली का, ते तू लिहिलं नाहीस. लागली असेल तर सुई घेऊन स्वतः टोकरत बसू नकोस, दवाखान्यात दाखव. उन्नतीला घेऊन जेवायला ये, तुझ्या वाटचा जवळा वेगळा काढलाय. फोनचं बघू.

तेवीसला सामना आहे, मी येतेय. दोरी बांधायचीच असेल तर माझ्या डोक्याच्या वर बांध. दर वेळी वाकून आत येणं मला जमायचं नाही.

रागावले तरी तुझीच,
आत्या