रामसेवकच्या ट्रॅक्टरचा आवाज

४ नोव्हें., मंगळ.
झाशीहून बसने टहरौली गावी गेलो. रामसेवक, रेल्वेच्या लोको शेडमधला माझा जुना जोडीदार, निवृत्तीनंतर शेतीत पडलाय. गावातल्याच कुणाचा तरी चाळीसेक वर्षांचा ट्रॅक्टर घेणार. “आपटेजी, आप तो बस सुन कें बता दो.” बॉनेटवर हात ठेवला, गार. म्हणजे आधी चालवून गरम करून ठेवला नव्हता. दुसऱ्या सेल्फला सुरू झाला. धूर थोडा. स्टिअरिंग ढिलं, चालेल. मग शेडमधल्यासारखा लांब पेचकस, स्क्रूड्रायव्हर, इंजिनाला टेकवून मूठ उजव्या कानाला लावली. कसली खडखड नाही. “बिलकुल साफ है, ले लो.” सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

७ नोव्हें.
सुमन ओरडली, “कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय?” मला एकही ऐकू आली नाही. उगाच भांडलो बायकोशी. जेवताना ट्रॅक्टर आठवला. तोही याच कानाने ऐकलेला.

८ नोव्हें.
कानाचा डॉक्टर. उजवा जवळजवळ गेलाय, डावा त्याच्यामागे. कानामागच्या हाडावर तो वाजवायचा चिमटा, ट्यूनिंग फोर्क, टेकवला, तेव्हा थरथर तेवढी कळली. “शेड में कितने साल?” छत्तीस. आयुष्यभर इंजिनं ऐकली, माझ्याकडे दुसरं होतं काय? संपलो मी.

९, रवि.
रामसेवकला फोन लावला. उचलायच्या आत कापला.

११, मंगळ.
टहरौली. सहज आलो म्हटलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पेरणी अर्धी झालेली. “चला कें तो देखो!” दोन फेऱ्या मारल्या. चढाला दम खातोय. तो चहा आणायला गेला तेव्हा पेचकस चालू इंजिनाला टेकवून मूठ दातांत धरली, हाडातून तरी कळेल म्हणून. ठक, ठक. जबड्यात स्पष्ट. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय. रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येणार, आणि सीटवर हा. चहा घेऊन आला, विचारलं, “कैसो है?”
मी म्हणालो, बढ़िया.
नालायक माणूस आहे मी.

१२, बुध.
सकाळची पहिली बस. रामसेवक सीटवर चढतच होता. खाली उतरवला आणि सगळं सांगितलं. कान गेलेत, बेअरिंग वाजतंय, चालवू नकोस, काल खोटं बोललो. तो चिडला असता तर सोसलं असतं. बांधावर बसला, माझ्या कानाशी तोंड आणून सावकाश बोलला, “आबाज तो हमें पैले दिन सें आ रई ती. आपने कई साफ है, तो हमने सोची हमाए कान खराब हैं.”
आवाज ऐकू येत असूनही आठ दिवस तो त्यावर बसत होता. माझ्या शब्दावर.
झाशीहून मिस्त्री पाठवतो म्हटलं. “मिस्त्री काए खों? इतवार खों आपई खोलो. आप जो कओगे, सो मानेंगे.”
मिस्त्री नको, रविवारी मीच इंजिन खोलायचं. हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. अर्धं शेत तसंच पडलंय. बसमध्ये येऊन बसलो.